कपाट क्रमांक चार आणि आक्कांच्या चार दाढा

खोली दाखवताना घरमालकांनी मला नळ दाखवला नाही, दिव्याची बटणे दाखवली नाहीत. वाऱ्याची दिशा दाखवली. मागच्या अंगणात नेऊन चिमूटभर राख हवेत सोडली, ती कुठे जाते ते डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "दिवाळीपासून होळीपर्यंत वारा असा राहतो. तुमची खिडकी ती. धूर येणार. दर रविवारी येणार. चालत असंल तर सामान आणा, न्हाई तर आत्ताच सांगा. मागून कटकट नको."

बीजशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी नुकतीच अंबडजवळच्या एका बियाणे प्रयोगशाळेत रुजू झाले होते. दोन वर्षे अनुभव घ्यायचा आणि मग संशोधनासाठी बाहेर पडायचे, असा माझा आराखडा होता. त्यात धुराला जागा नव्हती. परंतु ज्या माणसाला भाडेकरूपेक्षा वाऱ्याची अधिक माहिती आहे, त्याच्या घरी सगळेच मोजूनमापून होत असणार, असा मी तर्क केला. तो निम्मा बरोबर निघाला. मोजमाप होते, फक्त त्याचे एकक मला ठाऊक नव्हते.

घरमालक आयटीआयमधून निवृत्त झालेले वेल्डिंगचे शिल्पनिदेशक. सारे अंबड त्यांना सर म्हणे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणू लागले, त्याही रागात असल्या की सरच म्हणत. रविवारी सकाळी सर इस्त्रीची पँट, मनगटापर्यंत बटणे लावलेला शर्ट आणि त्यावर वेल्डिंगचा चामडी एप्रन अशा वेषात अंगणात उतरत. काळा चष्मा कपाळावर चढवलेला असे. मटणाकडे पाहायला काळा चष्मा कशाला, असे मी एकदा विचारले.

"पोशाख ढिला पडला की हात भी ढिला पडतो," ते म्हणाले. निदेशकाचे उत्तर होते. त्यावर प्रतिप्रश्नाची सोय नव्हती.

अंगणाच्या कोपऱ्यात एक पोलादी कपाट उभे होते. कुठल्याशा सरकारी कचेरीने ते भंगारात काढले आणि सरांनी ते घरी आणले. आतला-बाहेरचा रंग तीन वेळा जाळून, खरवडून काढला, कारण रंगाचा धूर मटणाला लागता कामा नये. मात्र दारावरची जुनी अक्षरे रंगाबरोबर गेली, हे त्यांना सहन झाले नाही. वस्तूची ओळख जाऊ नये म्हणून त्यांनी वेल्डिंगच्या मण्यांनी ती पुन्हा जशीच्या तशी उमटवली : 'आस्थापना शाखा, कपाट क्र. ४'. आतले खण काढून आडव्या सळ्या बसवल्या होत्या, सळ्यांना आकडे होते. खाली डाव्या अंगाला जाड पत्र्याची अग्निपेटी जोडलेली, म्हणजे आग बाहेर आणि धूर आत. वर टपावर धुराडे, त्याला उघडझाप करणारे झाकण. मटणाला ज्वाला कधी दिसतच नसे. ते फक्त संथ, उबदार धुरात दिवसभर लटकत राही. जिची रचना प्रथमदर्शनी हास्यास्पद आणि विचारांती निर्दोष वाटावी, अशी मी पाहिलेली ती एकमेव वस्तू.

या कपाटाला घरात 'ऑफिस' म्हणत.

"सर, आज ऑफिस चालू हाये का?" शेजारी भिंतीवरून विचारत.

"चालू आहे. साहेब अकराला आत गेले."

साहेब म्हणजे बोकडाची मांडी. साहेब आत गेले की सर दाराच्या फटी कणकेने लिंपून टाकत. मग कपाट उघडणे हा गुन्हा. "दार उघडलं की अर्ध्या तासाची आच गेली," हे त्यांचे तत्त्व. आणि "लाकडाला घाई चालत न्हाई, मटणाला चौकशी चालत न्हाई," हे दुसरे. आत तापमापी ठेवायची म्हणून मी एकदा दार उघडू पाहिले, तर त्यांनी मला लेखी अर्ज करायला लावला. विषय : कपाट उघडण्यास परवानगी मिळणेबाबत. तासाभराने अर्ज शेरा मारून परत आला : 'कारण समाधानकारक नाही.'

"रिटायर झाले तव्हा मला वाटलं, सुटले," मावशी कणकेचा उरलेला गोळा उचलत म्हणाल्या. "आता घरीच ऑफिस काढलं, आन मला केलं शिपाई."

हे सगळे कशासाठी चालले आहे, ते मला महिन्याभराने कळले, आणि तेही मावशींकडून. 'कशासाठी' हा प्रश्न सरांना अपमानास्पद वाटे.

सरांच्या आई चान्या करत. गावात बोकड पडला आणि वाटा घरी आला की एवढे मटण ठेवायचे कुठे, हा प्रश्न असे. मग त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोन उन्हे द्यायची आणि चुलीवरच्या दोरीला टांगून ठेवायच्या. चुलीचा धूर खात त्या महिनोन्‌महिने टिकत. घरात काही नसेल त्या दिवशी दोरीवरची एखादी चानी डाळीत पडे. सर चार-पाच वर्षांचे असतानाची ती चव त्यांच्या जिभेवर बसली होती, आणि साठी उलटल्यावर ती परत हवी होती.

"मला म्हन्ले, तू कर. मी केल्या. म्हन्ले, न्हाई, आईसारख्या न्हाईत," मावशींनी सांगितले. "मी म्हन्लं, मंग आईलाच इचारा. आईला जाऊन तीस वर्सं झालेली. मंग हे कपाट आलं."

चव त्यांना आठवत होती, पण पुरावा नव्हता. पुरावा फक्त एका व्यक्तीकडे होता : सरांची थोरली बहीण, आक्का. त्या कुंभार पिंपळगावला राहत. आई दिवसभर रोजाने जायची, तेव्हा धाकट्या भावाला दहा वर्षांच्या आक्कांनीच सांभाळले. त्यांनी 'हो, ही मायचीच चव' एवढे म्हणावे, यासाठी सरांचे पाच हिवाळे कपाटासमोर गेले होते. आक्का दर वेळी 'न्हाई' म्हणत होत्या.

आणि आता मुदत लागली होती. आक्कांच्या तोंडात चारच दाढा उरल्या होत्या. त्या हलत होत्या, दुखत होत्या, आणि जालन्याच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगून टाकले होते की होळीच्या आत त्या काढायच्या आणि मग कवळी बसवायची. चानी ही मुळात चावण्याची वस्तू. दाढा गेल्या की परीक्षक गेला.

"लवंग धरून ठेव आक्का, एवढा हिवाळा काढ," असे सर फोनवर विनवताना मी भिंतीपलीकडून ऐकत असे.

मी या प्रकरणात कुतूहलाने शिरले नाही, चिडून शिरले. एका रविवारी मी पाहिले की सर अग्निपेटीच्या तोंडाशी तळहात धरून काहीतरी पुटपुटत आहेत. मला वाटले, वंदना चालली असेल. जवळ गेल्यावर ऐकू आले : "अंभोरे. आढाव. इंगळे. उघडे... गैरहजर. कांबळे. खरात. गायकवाड. घुगे. जाधव."

जाधवपाशी त्यांनी हात मागे घेतला आणि समाधानाने मान हलवली.

ती त्यांच्या पहिल्या तुकडीची हजेरी होती. चाळीस वर्षांपूर्वीची. त्याच संथ, समान लयीत ते ती आजही घेत, आणि कोणत्या नावाला हात भाजतो त्यावरून आच ठरवत. आढावलाच हात मागे आला तर ती तंगडी भाजण्याची आच. जाधवपर्यंत टिकला तर धुरी देण्याची. ढवळेच्याही पुढे गेला तर आग विझली, उठा आणि लाकूड घाला.

मी म्हणाले, "सर, याला तापमापी असते."

"तापमापीला हजेरी येते का?"

दुसऱ्या रविवारी मी नव्या, समाधानकारक कारणासह अर्ज केला आणि कपाटाला तापमापीच्या दांडीपुरते एक भोक पाडून घेतले. हेतू उघड होता : हजेरीचे पितळ उघडे पाडायचे. सात वेळा मोजले. सातही वेळा जाधव जिथे असायला हवा तिथेच निघाला, दोन-चार अंशांच्या फरकाने. माझ्या प्रयोगशाळेतली काही उपकरणे इतकी विश्वासू नव्हती. एकच दोष सापडला. उघडे नावाचा विद्यार्थी त्या तुकडीत कायम गैरहजर असे, त्यामुळे त्याच्या नावापाशी सर सवयीने थांबत आणि एक सेकंद वाया जाई.

"उघडेचे नाव गाळले तर मापन अधिक अचूक होईल," मी सुचवले.

सरांनी माझ्याकडे फार गंभीरपणे पाहिले. "हजेरीपटावरचं नाव असं गाळता येत न्हाई, मॅडम. त्याला प्राचार्यांची सही लागते."

त्या दिवसापासून मी त्यांची सहकारी झाले.

सहकारी म्हणून त्यांच्यासोबत कुठे जाणे मात्र जोखमीचे होते. एका माजी विद्यार्थ्याने शेतावर हुरड्याला बोलावले. हुरड्यानंतर कोंबडी होती. यजमानाने कोळशावर नवी कोरी, चकचकीत जाळी मांडली होती आणि तिच्यावर डझनभर तंगड्या शोभून दिसत होत्या. सर वाकले, खिशातून कानस काढली (ते कानस घेऊनच घराबाहेर पडत), जाळीची कड खरवडली आणि म्हणाले, "जस्त."

एवढे बोलून त्यांनी सांडशीने जाळी उचलली आणि उभी धरली. डझनभर तंगड्या एकामागून एक राखेत उतरल्या.

यजमान म्हणाला, "सर, नवीन हाये हो ती. कालच आणली, कुंपणाची."

"म्हणूनच. जस्त चढवलेलं लोखंड आगीवर ठेवायचं न्हाई, हे मी तुला पहिल्या सत्रात शिकवलं होतं. गैरहजर होतास का?"

मी हलक्या आवाजात म्हणाले की जस्ताची वाफ व्हायला याहून पुष्कळ अधिक तापमान लागते.

"कोळशाला फुंकणी मारली की तो कुठवर तापतो, तुम्हाला विचारून तापतो का? जस्ताचा ताप मी अंगावर काढलाय, मॅडम. भर उन्हाळ्यात हुडहुडी भरते. तुम्ही तो पुस्तकात वाचलाय." मग त्यांनी विहिरीवरच्या साध्या लोखंडी सळ्या मागवल्या, त्या लाल होईपर्यंत तापवल्या, अर्धा कांदा सांडशीत धरून त्यांच्यावर घासला आणि धुतलेल्या तंगड्या पुन्हा मांडल्या. यजमान जाताना त्यांच्या पाया पडला. भीतीने की भक्तीने, ते ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. निघता निघता सरांनी गोठ्याशेजारचा एक रिकामा पिंप पाहिला आणि विचारले की ह्याचे काय करणार. यजमान म्हणाला, कापून शेगडी करणार. आत पूर्वी काय होते, ते त्याला सांगता येईना. "आत आधी काय होतं हे माहीत न्हाई, त्याच्यात काय शिजवायचं न्हाई," सर म्हणाले, आणि पिंप फोडून होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

घरी ते परदेशी लोकांच्या धुरीच्या मटणाचे व्हिडिओ पाहत, आवाज बंद करून. इंग्रजीची अडचण नव्हती. त्या माणसांचे बोलणे अनावश्यक आहे, असे त्यांचे मत होते. रुंद टोपी घातलेला एखादा गृहस्थ बैलगाडीएवढ्या यंत्रातून मांस काढून कौतुकाने कापू लागला की सर पडद्यावर बोट ठेवत. "मटण बराबर करून राह्यला हा. पण जोड बघा. कच्चा जोड आहे. दोन पावसाळे टिकणार न्हाई."

आमचे काम मात्र पद्धतशीर चालले. मी एक वही सुरू केली. प्रत्येक खेपेला नमुना क्रमांक, लाकूड, पट्टीची जाडी, मीठ, धुरीआधीचे आणि नंतरचे वजन, आचेची पातळी (जाधव, अधिक-उणे), लागलेले तास आणि शेवटी आक्कांचा अभिप्राय. त्यापुढे मी आणखी एक रकाना आखला, 'शिल्लक'. त्यामागे काही विचार नव्हता. प्रयोगशाळेत तपासणीनंतर उरलेल्या नमुन्याची नोंद करावीच लागते, म्हणून हाताने सवयीने रेघ मारली.

"बियाणं न्हाई हे," सर कुरकुरले.

"दोन्हीत मोजायचे ते पाणीच असते, सर."

कडुलिंबाच्या लाकडाने मटणाचे औषध झाले. बाभळीने रंग चांगला आला, पण चव दांडगी. अखेर मोसंबी. पाण्याअभावी वाळलेल्या बागांतली खोडे सरांनी फोडून, वर्षभर सावलीत रचून ठेवली होती. तिचा धूर इतका विरळ की धुराड्यावर निळसर थरथर तेवढी दिसे. सर खूश होत. "धूर दिसला म्हणजे चूक दिसली," हे त्यांचे सर्वांत लाडके वचन. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओले किंवा हवा कमी, आणि मटण कडू. याबाबत शास्त्र आणि सर यांच्यात पूर्ण एकमत होते. पुढे जे झाले ते पाहता, हे एकमतच घातक ठरले.

नमुना तयार झाला की आम्ही स्टीलच्या डब्यात घालून बसने कुंभार पिंपळगावला जात असू. आक्का ओट्यावर वाट पाहत बसलेल्या असत. कृश, ताठ, गालावर ओढणीसारखा पदर घट्ट धरलेला, आत लवंग.

"बस माय तू भी," त्या मला म्हणत. भावाला म्हणत, "आण जल्दी. दाढ ठणकून राह्यली."

उजवीकडे दोन वर, दोन खाली अशा त्यांच्या चार दाढा होत्या आणि त्या नेमक्या समोरासमोर होत्या. याला सर आपले नशीब मानत. आक्का चानी उजव्या गालात सरकवत, डोळे छताकडे लावत आणि बराच वेळ चावत. सर हजेरी घेण्याच्या लयीत ओठ हलवत बसत.

"न्हाई."

"कामून न्हाई?"

"न्हाई म्हन्जे न्हाई. मायच्या अशा नव्हत्या."

आणि मग आक्का दुसरी चानी उचलत. मग तिसरी. बोलत बोलत डबा रिकामा होई.

"न्हाई म्हन्तीस, मंग खाऊन कामून राह्यलीस?" सर वैतागत.

"मंग काय टाकून देऊ? एवढं लांबून आनलंस."

मी वहीत लिहीत असे. अभिप्राय : नाही. शिल्लक : शून्य.

परतीच्या बसमध्ये सर एक अक्षर बोलत नसत. अंबडच्या स्थानकावर उतरताना मात्र एकच शब्द उच्चारत. तो त्या आठवड्याचा आरोपी असे. "मीठ." दुसऱ्या खेपेला, "जाडी." नंतर, "लाकूड." पुढच्या रविवारी त्या आरोपीची कसून चौकशी होई आणि तो निर्दोष सुटे.

माघ संपत आला. आक्कांचा गाल सुजला. डॉक्टरांनी बुधवार दिला. त्याआधीचा रविवार शेवटचा. मलाही संशोधनासाठीचे बोलावणे अपेक्षेपेक्षा लवकर आले होते. महिन्याभरात मी अंबड सोडणार होते आणि कोणतेही काम निष्कर्षाविना सोडणे माझ्या स्वभावात नाही. चौदाव्या नमुन्यासाठी आम्ही दोघांनी जीव ओतला. बोटाएवढी जाडी, दोन उन्हे, मोसंबी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत न हललेला जाधव. सरांनी त्या दिवशी जेवणासाठीही एप्रन सोडला नाही. कणीक फोडून दार उघडले तेव्हा आतल्या पट्ट्या पिकल्या चिंचेच्या रंगाच्या झाल्या होत्या. वाकवल्या तर वाकत होत्या, तुटत नव्हत्या. मी एक खाल्ली. मी मूळची मंठ्याची. आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. पुरुष मंडळी ते गोठ्यामागे वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजवतात आणि स्वतःचीच स्तुती करतात. त्या सगळ्या स्तुतीला पुरून उरेल अशी ती चानी होती. मावशींनी दोन खाल्ल्या आणि म्हणाल्या, "आता जर वन्सं न्हाई म्हन्ल्या, तर त्या दाढा मी काढते."

दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावला आक्कांनी चानी गालात सरकवली. छताकडे पाहिले. त्या दिवशी फार वेळ चावले. मध्येच कळ आली तशा थांबल्या, पुन्हा चावू लागल्या.

"न्हाई."

सरांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. निदेशकाचा आवाज गेला होता. "आक्का, काय कमी हाये तेवढं सांग. एकच सांग. मंग मी कपाट भंगारात देतो, तू दाढा दे. मिटलं."

"कमी?" आक्का दुसरी चानी घेत म्हणाल्या. "कमी हाये असं कधी म्हन्ले मी?"

मला त्या क्षणी आमच्या वहीतला शेवटचा रकाना दिसला. चौदा ओळी, चौदा शून्ये. बियाण्याच्या बाबतीत असा पुरावा समोर असता, तर मी दुसऱ्याच नमुन्याला थांबले असते.

"आक्का," मी विचारले, "हे चांगले झाले आहे की वाईट?"

"लई चांगलं झालंय की माय! म्हणून तर म्हन्ते, न्हाई." त्या भावाकडे वळल्या. "मायच्या चान्या कुठं अशा होत्या? काळ्या ढुस्स, चपलेच्या वादीसारख्या. चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या, नुस्ता पांढरा धूर, अन्‌ चान्या कडू जहर. चावून चावून कानशिलं ठणकायची. पोटात काय न्हाई म्हणून खायचो. तू दर बारीला इचारतो, मायसारखं झालं का. मी खोटं बोलू?"

"पण मला तर गोड लागायच्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज चार वर्षांच्या मुलाचा झाला होता. "गोड अन्‌ मऊ. बराबर आठवतंय मला."

"तू चान्या खाल्ल्याच कव्हा?" आक्का हसू लागल्या, आणि हसताना गाल दाबून धरला. "दुधाच्या दातांनी चावतंय व्हय ते? तुझ्या वाट्याची मी पाट्यावर ठेचायची. ठेचून ठेचून लोणी. वर गुळाचा खडा, कडू जाया पायजे म्हणून. माय कामावरून यायच्या आधी तुला चारून मोकळी."

चौदा नमुने आम्ही ज्या प्रमाणाशी ताडून पाहिले, ते प्रमाण या गृहस्थांनी आयुष्यात कधी चाखलेच नव्हते. आणि जिने चाखले होते, तिला ते नको होते. प्रश्न सरांचा चुकला होता आणि मी तो प्रश्न तपासून न पाहता त्याची उत्तरे चौदा वेळा अचूक नोंदवली होती. दोन्हींत अधिक लाजिरवाणे कोणते, यावर मी बसमध्ये विचार करत होते. सर खिडकीबाहेर बघत होते. अंबडच्या स्थानकावर पायरी उतरताना ते थांबले.

"गूळ," ते म्हणाले.

मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवले. "पाच वर्सं धूर खाल्ला मी. गुळासाठी?"

बुधवारी दाढा गेल्या. मी निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही पंधरावा नमुना घेऊन गेलो. आक्कांच्या हिरड्या भरत आल्या होत्या, कवळी यायची होती. बोलताना त्यांचे ओठ आत ओढले जात आणि त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसत. अंगणात नळाजवळ एक पाटा पडला होता, आता त्यावर कपडे आपटत. तो आईचाच होता. सरांनी तो तीन वेळा घासला, उकळते पाणी ओतले, कानशीने कड तपासली. मग इस्त्रीची पँट सावरत खाली बसले, एप्रन नीट केला आणि वरवंटा उचलला.

"वेल्डिंग करून राह्यलास का?" आक्का ओट्यावरून ओरडल्या. "ठोकू नको. दाब अन्‌ वढ. दाब अन्‌ वढ. मी दहा वर्साची होते, तुझ्यापेक्षा बरी ठेचायची."

सर निमूटपणे दाबत आणि ओढत राहिले. घाम चष्म्यावर टपकत होता. चानी तुटली, तिचे धागे झाले, मग धागेही राहिले नाहीत. त्यांनी गुळाचा खडा ठेवला, पुन्हा वरवंटा फिरवला, आणि तयार झालेला लहानसा तांबूस गोळा ताटलीत घालून आक्कांसमोर धरला.

आक्कांनी ताटली परत त्यांच्याकडे सरकवली. "आधी तू."

सरांनी अर्धा गोळा तोंडात टाकला. मी पेन उघडून तयार होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आक्का, तुम्ही घ्या की," मी म्हणाले. "अभिप्राय तुमचा हवा आहे."

आक्का ओट्यावरून उतरल्या. ताटलीकडे त्यांनी पाहिलेही नाही. पाट्याशी येऊन उकिडव्या बसल्या, आणि दगडाला चिकटून राहिलेला पातळ थर बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत निपटून घेतला. बोट तोंडात घातले. छताकडे बघायची सवय असलेले डोळे वर गेले. वर आभाळ होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हेच."

"ताटलीतलं न घेताच?" सरांनी ताटली पुढे केली.

"ताटलीतलं तुझं असायचं. मला पाट्यावरचं मिळायचं." त्यांनी पुन्हा बोट फिरवले. "मीठ जरा कमी हाये."

"लिहून घ्या, मॅडम," सर दुसरीकडे बघत म्हणाले, आणि उरलेला अर्धा गोळा त्यांनी तोंडात टाकला.

मी वही उघडली. आक्का तोवर पाट्याच्या कडेपर्यंत पोचल्या होत्या. नमुना क्रमांक पंधरा. शिल्लक : शून्य. या वेळी तो रकाना मी आधी भरला.